कुठं पाणी मुरतंय?

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण मी वर्गात निदान वीस वेळा तरी समजावून सांगितली असेल. यातलं 'पाहावं' म्हणजे डोळ्यांनी बघणं नव्हे, तर अनुभव घेणं, असा खुलासा करून मी फळ्यावर त्या शब्दाखाली दोन रेघा ओढतो, आणि मुलंही त्या रेघा इमानानं वहीत उतरवून घेतात. पण गेल्या वर्षी आम्ही स्वतः घराच्या शोधात निघालो, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की शहरातल्या माणसाच्या बाबतीत या म्हणीतलं 'बांधून' केव्हाच गळून पडलं आहे. आपण घर बांधत नाही, दुसऱ्यानं बांधलेलं विकत घेतो. उरतं ते नुसतं 'पाहावं'. आणि हे नुसतं पाहणं मला मुळीच येत नव्हतं.

आमचं सदाशिव पेठेतलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. इमारतीला लिफ्ट नाही. लग्न झालं तेव्हा ते तीन जिने म्हणजे फुकटचा व्यायाम वाटायचा. पुढं आई गावाकडून कायमची आमच्याकडे राहायला आली. पहिल्या दिवशी जिन्याच्या प्रत्येक वळणावर टेकत टेकत ती वर पोचली, पाणी प्याली, आणि म्हणाली, "वर आले ती आले. आता मला खाली नेतील ते चौघंच." यावर बोलण्यासारखं काही राहिलंच नाही. पहिल्या मजल्यावरचं घर बघायचं, हे त्याच संध्याकाळी ठरलं.

माणूस मोठा विचित्र प्राणी आहे. वीस रुपयांची मेथीची जुडी घेताना आमची ही ती सोडवून मधली पानं बघते. आंबा घेताना मी तो देठाशी हुंगतो. पण आयुष्यभराची कमाई आणि पुढच्या पंधरा वर्षांचे कर्जाचे हप्ते ज्यात घालायचे, ते घर आम्ही दोघांनी वीस मिनिटांत पसंत केलं. कोथरूडला, पहिल्या मजल्यावर, पंचवीस वर्षांच्या इमारतीत. भिंतींना नुकताच रंग दिलेला. हिला स्वयंपाकघरातला लांबरुंद ओटा आवडला. मला खिडकीबाहेरचा बहावा आवडला. मालक मोठे अगत्यशील. त्यांनी चहा दिला, आणि मी उगाच आपलं विचारायचं म्हणून "ओलबिल काही?" असं विचारलं, तेव्हा ते हसून म्हणाले, "आमच्या घरात कुठंही ओल नाही. भिंतींना हात लावून बघा ना." मी खरोखरच एका भिंतीला हात लावला. कोरडी होती. बरोबरच्या एजंटनं २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचाही हवाला दिला: बांधकामात दोष निघाला तर बांधणाऱ्यानं तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. मी विसाराची रक्कम किती, ते विचारणार, तोच ही म्हणाली, "एकदा मामांना दाखवू या."

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाले त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली. वय ऐंशी, पण कान, डोळे आणि जीभ अजून नोकरीत आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते एक कापडी पिशवी घेऊन दाराशी हजर. पिशवीत एक टॉर्च, छोटी हातोडी, ओळंबा, एक रुपयाचं नाणं आणि पोरं खेळतात तसली काचेची गोटी. "एवढ्या सकाळी?" मी विचारलं. "अरे, घर बघायचं ते नळाला पाणी येतं त्या वेळी. चार वाजता घर काय, कुणीही शहाणंसुरतं दिसतं."

कोथरूडला पोचल्यावर मामा घरात शिरलेच नाहीत. इमारतीला वळसा घालून ते मागच्या बाजूला गेले, जिथं संडास-न्हाणीघरांचे पाइप भिंतीवरून खाली उतरतात. तिथं मान वर करून ते बराच वेळ उभे राहिले. पहिल्या मजल्याच्या पाइपाशेजारी भिंतीतून पिंपळाचं हातभर रोप डोकावत होतं. मला ते शोभिवंत वाटलं.

"बी पाखरानं टाकलं," मामा म्हणाले. "मुळं घालायला भेग मिळाली. पण मे महिन्यात ते हिरवंगार आहे. त्याला पाणी कोण घालतं?"

मग त्यांनी जे केलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी तळमजल्याच्या घराची घंटा वाजवली आणि दार उघडणाऱ्या बाईंना ते म्हणाले, "बाई, वरचं घर बघायला आलोय. थोडं पाणी मिळेल का?" ऐंशी वर्षांच्या माणसाला पाणी कोण नाकारणार? पाणी पिऊन झाल्यावर "जरा हात धुतो" म्हणून ते न्हाणीघरात गेले, टॉर्च लावला आणि मला हाक मारली. छताला पांढरा लोणा फुटला होता. त्यातून तांबूस ओघळ उतरले होते. एके ठिकाणी गिलावा गळून पडला होता आणि आतली सळई, दात पडलेल्या हिरडीसारखी, उघडी दिसत होती. बाई म्हणाल्या, "चार वर्षं सांगतेय वरच्यांना. ते म्हणतात, आमच्याकडे तर थेंबसुद्धा नाही."

बाहेर आल्यावर मामांनी काडीनं मातीत आकृती काढून मला सगळं समजावलं. न्हाणीघराखालचा स्लॅब मुद्दाम फूट-दीड फूट खाली घेतलेला असतो. त्या खळग्यात पाइप बसवतात, वर विटांचे तुकडे भरतात आणि त्यावर फरशी करतात. फरशीच्या सांध्यांतून किंवा पाइपाच्या जोडातून पाणी झिरपायला लागलं, की ते आधी त्या खळग्यात साठतं. वर राहणाऱ्याला काही कळत नाही. त्याची फरशी कोरडी, भिंती कोरड्या. पाणी विटांत मुरतं, स्लॅबमध्ये उतरतं आणि वर्ष-दोन वर्षांनी खालच्याच्या छतावर उमटतं. "ज्याच्या मोरीला भोक, त्याच्या पायाला पाणी लागत नाही; ते खालच्याच्या डोक्यावर पडतं. म्हणून घर नेहमी खालून बघावं."

"पण कायदा आहे ना?" मी म्हटलं. मामा हसले. "तो कायदा ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंतचा. ही इमारत पंचवीस वर्षांची. आता कायदा नाही, काय तो कोबा!"

मामांची ही नजर खात्यात तयार झाली असावी असा माझा समज होता. परतीच्या वाटेवर लकडी पुलाशी आलो, तेव्हा त्यांनी तो खोडून काढला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं, तेव्हा मामा सोळा वर्षांचे होते. "पाणी चढलं तेव्हा पडलेली घरं सगळ्यांनी पाहिली," ते म्हणाले. "मला आठवतात ती पाणी ओसरल्यावर बसलेली. वरून भिंत जशीच्या तशी. पण विटांमधली माती भिजून तिचं लोणी झालेलं. ऊन पडलं, लोक सामान न्यायला परत आले, आणि भिंत बसली. पाणी येतं तेव्हा त्याची भीती वाटते. मुरतं तेव्हा वाटत नाही. खरी भीती त्याचीच धरायला हवी."

'कुठं तरी पाणी मुरतंय' हा वाक्प्रचार मी आजवर केवळ लबाडीच्या संदर्भात शिकवत आलो होतो. त्याचा वाच्यार्थ इतका भयंकर आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरं घर सहकारनगरमधलं. इथं मी शहाणा होऊन गेलो होतो. हॉलच्या भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसताच मी मामांना मोठ्या अभिमानानं त्या दाखवल्या. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "तो गिलाव्याचा कोरडेपणा. म्हाताऱ्याच्या गालावरच्या सुरकुत्या. त्यानं कुणी मरत नाही." बीम आणि खालची विटांची भिंत जिथं मिळतात, तिथं एक आडवी सरळ भेग होती. तिचंही त्यांना फारसं काही वाटलं नाही. काँक्रीट आणि वीट उन्हानं सारखी फुगत नाहीत, म्हणून तो सांधा बहुधा उघडतोच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भेग असती तर गोष्ट वेगळी. पाया एका बाजूला खचला तर तशी भेग पडते. मामांनी जमिनीवर गोटी ठेवली. ती चार बोटं गेली आणि थांबली. दारं उघडून-मिटून पाहिली. "पावसाळ्यात दार अडकलं तर लाकूड फुगलं म्हणावं. मे महिन्यात अडकलं तर चौकट कलली म्हणावं." दारं सुरळीत मिटत होती.

मला हायसं वाटलं, तेवढ्यात मामा मागच्या खोलीतल्या बीमखाली थांबले. बीमच्या खालच्या कडेला, लांबीच्या दिशेनं, फूटपट्टीनं आखल्यासारखी एक भेग गेली होती. कडेला विटकरी डाग. मामांनी तिच्यात रुपयाचं नाणं उभं धरलं. कड आत गेली. मग हातोडीनं हलकेच ठोकत गेले. बाकी सगळीकडे टण्‌टण् आवाज येत होता. भेगेजवळ तो भद्द झाला, पिकल्या कलिंगडासारखा.

सळई काँक्रीटमध्ये सुरक्षित असते ती नुसती झाकलेली असते म्हणून नव्हे. सिमेंटमध्ये एक प्रकारचा क्षार-गुण असतो, आणि तो आहे तोवर लोखंड गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये शिरून तो गुण मारत जातो. त्याला पाण्याची साथ मिळाली, की गंज सुरू. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात हवेतला खारटपणा हेच काम आणखी लवकर करतो. आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा लागते. ती जागा तो आतून काँक्रीट फोडून घेतो. म्हणून सळईच्या रेषेतली भेग ही वरून पडलेली नसते, आतून आलेली असते. तिच्यावर पुट्टी आणि रंग फासणं म्हणजे गळवावर पावडर लावणं.

"सोसायटीनं तपासणी करून घेतली असेल की!" मी म्हटलं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी, आणि तीस वर्षांवरच्या इमारतीची दर तीन वर्षांनी करून घ्यावी असं लिहिलेलं आहे. ही इमारत बत्तीस वर्षांची. सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "पुढच्या सभेत विषय घ्यायचा आहे." आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

तिसरं घर बिबवेवाडीचं. खिडकीबाहेर बहावा नव्हता. समोरच्या इमारतीचं पार्किंग होतं. ओटा आखूड होता. आत शिरताच हिचा चेहरा उतरला. पण मामांनी बाह्या सरसावल्या. त्यांनी पहिला नळ सोडून पाणी ओंजळीत धरलं. जुन्या लोखंडी पाइपांचा जस्ताचा मुलामा गेला, की सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं आणि आतून गंज चढून पाइपाचा घसा बसतो. इथं पाणी स्वच्छ होतं. मग त्यांनी स्वयंपाकघर, मोरी, बेसिन असे सगळे नळ एकदम सोडायला लावले आणि बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. मोरीत दोन बादल्या पाणी ओतलं. ते कुठं थबकतं, कोपऱ्यात तळं साचतं का, ते वाकून पाहिलं. संडासची टाकी सोडून मोरीच्या जाळीला कान लावला. तिथं गुळगुळ आवाज आला तर पाइपात हवेला वाट नाही म्हणून समजावं, आणि पुढं घरभर वास येणार हेही समजावं. शेवटी सगळे नळ बंद करून ते जिन्याखालच्या पाण्याच्या मीटरपाशी जाऊन बसले. घरात एक थेंब वापरात नसताना मीटरचा काटा हलला, तर पाणी वाटेत कुठं तरी पळतंय. काटा हलला नाही.

माझ्या वाट्यालाही एक काम आलं. सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं वाचायचं. मामांना त्यांचा कंटाळा, म्हणून त्यांनी ती माझ्याकडे दिली. मी दहा वर्षांची इतिवृत्तं एका बैठकीत वाचली, आणि माझं असं मत झालं की मराठी गद्यात याहून प्रामाणिक लेखन क्वचितच सापडेल. गच्चीचा कोबा कधी केला, कुणाच्या न्हाणीघरातून कुणाकडे गळती, चेंबर किती वेळा तुंबलं, दुरुस्तीनिधीला कोण नाही म्हणालं, सगळं नोंदलेलं. या घराचा उल्लेख दहा वर्षांत एकदाच आला होता, तोही सायकल जिन्यात ठेवल्याबद्दल. तपासणीचा अहवालही फायलीत होता.

एका खोलीत एक भेग मात्र होती. मालकांच्या परवानगीनं मामांनी तिच्यावर काचेची एक अरुंद पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहिली. "भेग जिवंत असेल तर काच तडकेल. मेलेली असेल तर काच राहील." पावसाळा जाईपर्यंत थांबायचं ठरलं. जूनमध्ये गेलो, काच शाबूत. ऑगस्टमध्ये भर पावसात गेलो, गच्चीखालच्या मजल्यापासून तळापर्यंत बघितलं, काच शाबूत. सप्टेंबरात आम्ही विसार दिला.

इथवर ही मामांच्या हुशारीची गोष्ट झाली. स्टाफरूममध्ये ती मी इतक्या वेळा सांगितली, की गणिताचे सहकारी गोटी घेऊन घर बघायला जाऊ लागले. त्या गोष्टीत कोथरूडचे मालक हे माझं हुकमी पात्र होतं. त्यांचं 'हात लावून बघा ना' मी असं काही म्हणून दाखवायचो, की हशा पिकायचा.

आता नवं घर घ्यायचं तर जुनं विकायला हवं. आम्ही ते झाडलं, पुसलं, रंगवलं. न्हाणीघरातल्या फरशीच्या काळवंडलेल्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून घेतलं. ऑक्टोबरात एक तरुण जोडपं आलं. दोघंही नोकरी करणारी, लग्नाला वर्ष झालेलं. त्यांना घर आवडलं. मुलगी खिडकीतून दिसणारी कौलं मोबाइलमध्ये टिपत होती. मुलगा थोडासा संकोचून म्हणाला, "सर, लीकेज वगैरे काही नाही ना?"

मी म्हणालो, "आमच्या घरात कुठंही ओल नाही. भिंतींना हात लावून बघा ना."

त्यानं हात लावला. भिंत कोरडी होती.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू एकट्या राहतात. दोन वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "अहो, आमच्या न्हाणीघराच्या छताला जरा डाग दिसतोय." मी "बघतो" म्हटलं होतं. सहा महिन्यांनी त्या पुन्हा म्हणाल्या, मी पुन्हा "बघतो" म्हटलं. मग त्यांनी म्हणणं सोडून दिलं, आणि मी ती मूक संमती समजलो. कोथरूडला मामांनी मातीत आकृती काढली, तेव्हा मला काकूंचा डाग आठवला नव्हता असं नाही. आठवला होता. पण आठवण आणि कबुली यांच्यामध्येही विटांचे तुकडे भरलेला एक खळगा असतो. बरंच काही त्यात मुरून राहतं.

जोडपं गेल्यावर हिनं कपबशा उचलल्या आणि विचारलं, "वर्गात वाक्याचे प्रकार शिकवता, त्यात हे कुठलं?"

मी म्हटलं, "मी खोटं कुठं बोललो?"

"म्हणून तर विचारतेय," ती म्हणाली.

त्या रात्री मी स्वतःची बाजू पुष्कळ मांडली. घेणाऱ्यानं आपले डोळे उघडे ठेवावेत. आम्ही नाही का मामांना नेलं? आता दुरुस्ती काढायची तर फरशी उखडावी लागणार, पंधरा दिवस जाणार, मुलगा थांबला नाही तर नव्या घराचा विसार बुडणार. सगळी कारणं खरी होती. माझं वाक्यही खरंच होतं. शब्दन् शब्द खरा ठेवून समोरच्याला फसवणारं वाक्य मी इतक्या सहजतेनं रचलं, याचंच मला भय वाटायला लागलं. आणि ते रचलेलंही नव्हतं. ते मी कोथरूडच्या मालकांकडून पाठ करून आलो होतो.

सकाळी मी खाली गेलो आणि काकूंकडे पाणी मागितलं. त्या चकित झाल्या, पण त्यांनी दिलं. मग मी म्हटलं, "जरा छत बघू का?" डाग आता डाग राहिला नव्हता. परातीएवढा गिलावा पडला होता. थेंब पडायच्या जागी त्यांनी एक प्लॅस्टिकचा टब ठेवला होता आणि आंघोळीचं स्टूल भिंतीकडे सरकवून घेतलं होतं. "गणपतीत पडला तो तुकडा," त्या म्हणाल्या. "रात्री पडला म्हणून बरं. सकाळी त्याच जागी बसते मी." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला बरं वाटलं असतं.

वर येऊन मी त्या मुलाला फोन केला. म्हटलं, "उद्या विसार द्यायला येणार आहात ना? वर येण्याआधी दुसऱ्या मजल्यावर जा. पाणी मागा, आणि न्हाणीघराचं छत बघा. मग वर यायचं की नाही ते ठरवा."

ती दोघं खाली गेली. बराच वेळ वर आली नाहीत. मी जिन्यात कान देऊन उभा होतो. शेवटी पावलं वाजली, ती वर येण्याऐवजी खाली उतरत गेली.

आमचं न्हाणीघर उखडलं. पाहिलं तर मोरीच्या पाइपाचा जोड सुटला होता आणि त्याखालच्या विटा काळ्याकुट्ट, पिळून काढाव्यात इतक्या भिजलेल्या. मामा रोज येऊन स्टुलावर बसत आणि गवंड्याला सूचना देत. विटा काढल्या, जोड बदलला, नवा कोबा झाला. मग जाळीत चिंध्या कोंबून, न्हाणीघरात बोटभर पाणी भरून ते दोन दिवस तसंच ठेवलं. त्या दोन दिवसांत मी किती वेळा खाली जाऊन छत बघितलं, ते काकूंना विचारावं. छत कोरडं राहिलं. मग त्यांच्या सळया घासून, त्यांवर लेप देऊन नवा गिलावा केला. सगळ्या कामाला सव्वा लाख लागले. ते नव्या घरातला ओटा लांब करण्यासाठी बाजूला काढलेले होते. ही त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. ओटा आखूडच आहे, आणि दर रविवारी पुरणाचा घाट घालताना तो किती आखूड आहे, हे मात्र ती मला न बोलता दाखवते.

तीन आठवड्यांनी त्या मुलाचा फोन आला. "सर, घर अजून आहे का? आम्ही नंतर नऊ घरं पाहिली. प्रत्येक ठिकाणी खाली जाऊन पाणी मागितलं." मग थोडं थांबून म्हणाला, "आता पाण्याचीच भीती वाटायला लागलीय." मी त्याला दुरुस्तीची बिलं आणि उखडलेल्या मोरीचे फोटो दाखवले. त्यानं ठरल्या किमतीतून थोडी रक्कम कमी करायला सांगितली, मी केली. घर त्यांचं झालं. आता काकूंकडे ती मुलगी अधूनमधून आमटीची वाटी घेऊन उतरते असं ऐकतो.

बिबवेवाडीच्या घराची वास्तुशांत मार्गशीर्षात झाली. काचेची पट्टी अजून भिंतीवर आहे. पाहुण्यांना ती रंगाऱ्याची विसरभोळी खूण वाटते. पहिल्या मजल्याचा एकच जिना चढून आई देवघरासमोर ऐसपैस बसली होती. पानं मांडली, आग्रह सुरू झाला, आणि ही मला म्हणाली, "मामा कुठं दिसत नाहीत?" मी गच्चीत पाहिलं, मीटरपाशी पाहिलं. पंगत खोळंबली.

इतक्यात मामा जिन्यातून वर आले. उपरण्याला हात पुसत होते. तळमजल्यावर कोण राहतं, हे आम्हाला अजून नीटसं ठाऊकही नव्हतं.

पाटावर बसता बसता ते हिला म्हणाले, "वाढ सूनबाई. पाणी गोड आहे."